गाडी कोण हाकतं

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. तोंडावर मी कधी घेतलं नाही, पण लिहिताना घेते. नाहीतर सारखं ‘हे’ नि ‘ते’ करत बसले तर कोण जागं होतं आणि कोण झोपलं होतं हेच वाचणाऱ्याला कळायचं नाही. तर, निवृत्ती. डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायचा. खाणीवर माल भरायचा, नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा, तिथून तो बार्जेत जायचा आणि हा परत खाणीवर. मूळचा बांद्याकडचा. मी पेडण्यातल्या पार्सेची. लग्न होऊन खाणीजवळच्या ह्या गावात आले तेव्हा घरात सासू नव्हती, नणंद नव्हती, भांडायला कोणीच नव्हतं. म्हणून मी नवऱ्याशीच भांडायचे, आणि भांडण ऐन रंगात आलं की तो झोपायचा.

थट्टा करत नाही. माशाच्या हुमणाचा घास तोंडात आणि मान खाली. दारात कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून कोणाशी बोलत बसला की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हा गेलेला. रात्रभर झोपून उठला तरी सकाळी नऊला पुन्हा डोळे जड. मी काय नाही म्हटलं त्याला? म्हैस म्हटलं, अजगर म्हटलं, कुंभकर्णाचा मेव्हणा म्हटलं. शेवटचं ऐकून तो इतका हसला की हसता हसता गुडघ्यातून वाकला आणि उंबऱ्यावर बसलाच. जबडा लोंबला, पापण्या अर्ध्या. क्षणभराने उठला, म्हणाला, “हसान हसान बळच गेला.” मला वाटलं, सोंग आहे. आळशी माणसाला सोंगं फार.

पण दुपारची गोष्ट मला सोंग वाटेना. जेवून पडला की कधी कधी त्याला जाग यायची, डोळे उघडायचे, पण अंग हलायचं नाही. अशा वेळी दारात एक उंच माणूस दिसतो, असं तो सांगायचा. खांद्यावर कांबळ, हातात दांडा, आणि वाहाणांचा करकर आवाज. “माझ्याकडे बघत रवता आणि छातयेर हात ठेवता,” म्हणायचा. मी म्हटलं, “विचारा तेका, चाय घेतलो काय?” एका दुपारी मी त्याच्या उशाशी तांदूळ निवडत बसले होते. बाहेर पांढरंफटक ऊन. त्याचे डोळे उघडले. ते दाराकडे गेले, तिथून सावकाश खाटेच्या पायथ्याशी आले, मग वर, आणखी वर, आणि माझ्या शेजारी येऊन थांबले. तिथे कोणीच नव्हतं. सूप टाकून मी अंगणात पळाले.

आमच्या भागात अशा माणसाला नाव आहे. राखणदार. गावाची वेस सांभाळतो, चुकलेल्याला वाट दाखवतो. खाणीकडून धक्क्याकडे जाताना वळणावर सातविणीचं झाड आहे, त्याखाली त्याचा दगड. प्रत्येक टिपरवाला तिथे हॉर्न देतो आणि कपाळाला हात लावतो. वर्षाला रोट, नारळ, विडी. मराठी की कोंकणी ह्यावरून तेव्हा गावात दोन तट पडले होते, सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला गेले नव्हते, पण सातविणीखाली दोन्ही तट एकाच चटईवर बसायचे.

मार्चमध्ये निवृत्तीने तिथेच माल ओतला.

भर दुपारी टिपर आमच्या दारात येऊन उभा राहिला, इंजिन चालू. हा आत बसलेला, हात स्टिअरिंगवर. मी जवळ जाऊन दार थोपटलं तेव्हा दचकला. “खाणीर माल भरलंय,” म्हणाला, “मगे काय झाला म्हायत ना.” हौदा रिकामा होता. तासाभरात गाव गोळा झालं. राखणदाराच्या दगडासमोर लाल मातीचा ढीग पडला होता, अगदी नीट, दगडाला खडासुद्धा न लागता. रस्त्यावर चाकांचे माग होते, टिपर मागे घेऊन, बेताने, जागा बघून ओतलेलं. सगुण घाडी आला. तो आमच्या देवळातला कौल लावणारा, गावाच्या बऱ्यावाईटाचा निकाल त्याच्या हाती. त्याने ढिगावर हळद वाहिली आणि म्हणाला, “न्हिदलेल्या माणसान गाडी हाडली कशी? हाकपी दुसरोच.” संध्याकाळी देवाला ओल्या पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार. झालं. आमच्या टिपरला देव चालवतो असं ठरलं.

टिपर गोकुळदास शेटचा. त्याने माल गेल्याबद्दल एक शब्द काढला नाही, उलट काचेवर हार घातला. ड्रायव्हरच्या शेजारची जागा त्या दिवसापासून राखणदाराची झाली. तिथे कोणी बसायचं नाही, फक्त एक उंडा पाव आणि विडीचं पुडकं. बसायचा मान एकालाच, तान्ह्या पोराला. ज्यांची मुलं रडकी, दुखणेकरी, ते एक फेरी मागून घेत. आमच्या शेजारची पल्लवी, बाळंत होऊन आलेली, तिच्या मुलाला रात्रंदिवस रडायची खोड. तिने पोर त्या सीटवर टॉवेलात गुंडाळून ठेवलं, आणि धक्क्यापर्यंत जाऊन आलं ते हसत आलं. मग काय, रांगच लागली.

मला राग ह्याचा नव्हता. राग निवृत्तीचा होता. पूर्वी तो झोपेशी झगडायचा. गालावर चुना घासायचा, तंबाखू चावायचा, बाटलीभर पाणी डोक्यावर ओतून गाडीत बसायचा. जन्मभर आळशी म्हणवून घेतलेला माणूस, त्याला आता गाव नमस्कार करत होतं. त्याने झगडणं सोडून दिलं. डोळे जड झाले की मिटूनच घ्यायचा. “माका भियाची गरज ना,” म्हणायचा, “तो आसा.” हे ऐकलं की मला एकच दिसायचं. आज ना उद्या हा कुठेतरी जाऊन आपटणार, आणि एकटा नाही आपटणार.

एके दुपारी तो जेवून निघाला तेव्हा मी सरळ दार उघडून त्या सीटवर जाऊन बसले. उंडा मांडीवर घेतला.

“ती जागा तेची आसा,” तो म्हणाला.

“मग तेका सांगा हौद्यात बस, वारो खा.”

तो हसला नाही, पण उतर म्हणालाही नाही. माल भरला. गाडी धक्क्याच्या रस्त्याला लागली. थोडा वेळ आम्ही बोलत होतो, नदीला पाणी किती, पल्लवीचं पोर कसं. मग त्याचं बोलणं थांबलं. मी बघितलं. डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हतं. हात मात्र काम करत होते. उतार आला, गिअर बदलला. समोरून टिपर आला, ह्याने कडेला घेतली. सातविणीपाशी हॉर्न दिला, कपाळाला हात लावला. त्या क्षणी मलाही वाटलं, की आम्ही दोघेच नाही. कोणीतरी चालवतंय, आणि माझ्यापेक्षा त्यालाच रस्ता जास्त ठाऊक आहे. मी हळूच विचारलं, “अवो, मी कोण?”

“भर,” तो म्हणाला. आवाज त्याचाच, पण विहिरीतून आल्यासारखा. “भर, भर. आणखीन भर.”

तो खाणीवरच्या माणसाशी बोलत होता.

पुढे आदल्या दिवशी मोरीसाठी रस्ता खणला होता. अलीकडे दगड मांडलेले, लाल फडकं लावलेलं, आणि गाड्यांनी डावीकडे शेतातून जायचं. लांबून दिसत होतं. मी वाट बघितली, की आता हात वळतील. हात सरळच राहिले. त्यांना रोजचा रस्ता पाठ होता. फडकं त्यांना ठाऊक नव्हतं. मी ओरडले, दंड धरून हलवला, शेवटी स्टिअरिंगच खेचलं. टिपर दगडांना घासत शेतात उतरला आणि बांधाला टेकून थांबला. निवृत्तीने डोळे चोळले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तू हय कशी?”

मी गाडीत चढले होते हेच त्याच्या डोक्यात राहिलं नव्हतं. नदीचं पाणी, पल्लवीचं पोर, काहीच नाही. मी त्याच्या थोबाडीत दिली. नवऱ्याला मारू नये हे मला कळतं. आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून मी रडले.

दुसऱ्या दिवशी त्याला पणजीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मांडवीचा पूल गेल्या पावसाळ्यात कोसळला होता, बेतीहून फेरीबोटीने जायचं. बोटीत तो उभ्या उभ्या झोपला, मी त्याचा कमरेचा पट्टा धरून ठेवला. डॉक्टर शालिनी म्हणून होत्या, माझ्यापेक्षा लहान असतील, पण बोलणं शांत. मला वाटलं होतं म्हणतील, कमी जेवा, लवकर झोपा. त्या म्हणाल्या, “दिवसा इतकी झोप येणं हा आळस नसतो. कशाचं तरी लक्षण असतं. कशाचं ते शोधू या.”

मग प्रश्न सुरू झाले. रात्री घोरतो का? घोरता घोरता श्वास अडकतो, गुदमरून उठतो, असं होतं का? कारण ज्यांचा श्वास रात्री शंभरदा अडकतो त्यांची झोप होतच नाही, ती दिवसा वसूल होते. दारू? सर्दीच्या, फेफऱ्याच्या, कसल्या गोळ्या? पाळ्या बदलतात का? मन उदास असतं का? रक्त कमी असलं, साखर वाढली, गळ्यातली ग्रंथी मंदावली तरीही माणूस पेंगतो. रक्त घेतलं, गळा चाचपला, पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला सगळं ठीक निघालं. मी म्हटलं, झालं, आता म्हणणार, सोंगच आहे. त्यांनी मला विचारलं, “हे खूप हसले तर काय होतं?”

हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. “गुडघे जातात,” मी म्हटलं. “आणि झोपेतून उठताना अंग हलत नाही? खोलीत कोणी दिसतं?” निवृत्तीने मान वर केली. त्याला वाटलं, ह्या बाईलाही तो भेटलाय.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, नार्कोलेप्सी. म्हणाल्या, “आपण स्वप्न बघतो तेव्हा मेंदू आपलं अंग बांधून ठेवतो, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून धावत सुटेल. ह्यांची ती दोरी अवेळी बांधली जाते. हसताना, उठताना. आणि स्वप्न संपायच्या आधी डोळे उघडतात, म्हणून स्वप्नातला माणूस खोलीत दिसतो. का होतं, ते अजून कोणालाच पुरतं ठाऊक नाही.”

“आणि गाडी?” मी विचारलं.

“हातांना रोजचं काम पाठ असतं. मेंदू झोपला तरी हात थोडा वेळ करत राहतात. भाजी चिरत राहतात, लिहीत राहतात. पुढे काय लिहिलंय ते वाचता येत नाही, एवढंच.” मग त्या त्याच्याकडे वळल्या. “गोळ्या रोज घ्यायच्या. दिवसातून दोनदा ठरवून थोडं झोपायचं. आणि मी सांगेपर्यंत गाडी बंद. तुमच्या शेजारी कोणी बसलेलं नाही, निवृत्ती. त्या वेळी गाडीत कोणीच नसतं. तुम्हीसुद्धा नसता.”

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर घरातलं माणूस गेल्यासारखं तोंड.

गोळ्या लागू पडल्या. पूर्ण नाही, पण जेवण संपेपर्यंत जागा राहायला लागला. गोकुळदास शेटने टिपरवर दुसरा ड्रायव्हर घातला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा मोडला. लोक म्हणाले, राखणदार रुसला. पल्लवीचं पोर पुन्हा रडायला लागलं, तेही आमच्याच खात्यात. वाटेत भेटले की लोक माझ्याशी बोलेनात, आणि निवृत्तीशी बोलायला तर कोणाकडे काही नव्हतंच. तो अंगणात नुसता जागा बसलेला असायचा. मला वाईट वाटायचं. पण जिवंत होता, एवढं मला पुरे होतं.

मे महिन्याच्या शेवटी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळायचा होता. त्या दिवशी पणजीला जायचं गावाने ठरवलं. शेटने टिपर दिला, आंब्याची डहाळी बांधली, हौद्यात चटया टाकल्या. मला ते ठाऊक होतं. कोण चालवणार ते कोणी मला सांगितलं नव्हतं.

सकाळी मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. निवृत्ती धुवट शर्ट घालत होता. “ती नको,” म्हणाला. “आठ दीस झाले सोडलंय. तो परत येवक लागलो, रंजना. काल दारात हुतो.” त्याचं तोंड आनंदाने फुललं होतं. मी फुलपात्र खाली ठेवेपर्यंत तो गेलासुद्धा.

मी अनवाणी धावले. देवळासमोर टिपर उभा, हौदा माणसांनी भरलेला, म्हातारे, पोरं, नव्या साड्या, दोन्ही तटांचे लोक मांडीला मांडी लावून. निवृत्ती स्टिअरिंगवर. शेजारच्या सीटवर आज खास म्हणून पल्लवी, मांडीवर पोर. मी ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर चढले, हात आत घातला आणि चावी काढून घेतली.

गलका झाला. कोणी म्हणालं, हिला आवरा. मी ओरडून सांगितलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते, मोरीपाशी काय झालं ते. सगुण घाडी हौद्यातून वाकून म्हणाला, “दोतोरणीक आमचो राखणदार म्हायत आसा? तू चावी दी. पयलीं कौल घेवया, मगे तरी ऐकशी?” त्याने आपल्या हाताखालचा एक माणूस देवळात धाडला. लोक वाट बघत बसले. ऊन चढत होतं, पत्रा तापत होता, पोरं पाणी मागत होती. मी चावी मुठीत धरून बॉनेटपुढे उभी. वाटलं, उजवी पाकळी पडणार, आणि मी हरणार.

आणि तेवढ्यात पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

निवृत्ती झोपला होता. डोळे अर्धे उघडे. त्याची दोन बोटं पुढे आली आणि जिथे चावी नव्हती तिथे फिरली. पाय दाबला गेला. गिअर पडल्याचा आवाज झाला, खट्ट. बंद टिपर तो चालवायला लागला.

कोणीच हाक मारली नाही. हौद्यातले लोक पुढच्या फळीवर ओणवे होऊन केबिनच्या मागच्या जाळीतून आत बघत होते. उतार आला, गिअर बदलला. स्टिअरिंग जागच्या जागी जड, तरी इंच इंच वळत होतं. सगुण घाडी पुटपुटला, “ही सातवीण.” त्याच क्षणी हॉर्न वाजला, त्याला चावी लागत नाही, आणि निवृत्तीचा हात कपाळाला लागला. सगुणने तो नमस्कार जवळून पाहिला, हातभर अंतरावरून. नमस्कार करणाऱ्याच्या डोळ्यांत कोणी नव्हतं.

पुढे फाटा. डावीकडे पणजी, उजवीकडे धक्का. गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असलेला फाटा. सगळे हातांकडे बघत होते.

हात उजवीकडे वळले.

मग तो थांबला. मागचा गिअर टाकला आणि मान वळवून जाळीतून हौद्याकडे बघत टिपर मागे घ्यायला लागला, नदीच्या काठावर रोज घेतो तसा, बेताबेताने. त्या उघड्या डोळ्यांसमोर गावातली सगळी तोंडं होती. त्याला माल दिसत होता. ब्रेक दाबला. डावा हात खाली गेला आणि त्याने हौदा उचलायचा दांडा वर ओढला.

इंजिन बंद होतं, म्हणून काही झालं नाही. पण हौद्यातल्या माणसांनी एकमेकांना घट्ट धरलं, आणि एक म्हातारी पडल्यासारखी किंचाळली.

त्या किंकाळीने निवृत्तीला जाग आली. त्याने मागे वळून पाहिलं आणि हसून विचारलं, “पोचलव मा सगळे?”

कौल घेऊन आलेला माणूस देवळाच्या पायरीवरच थांबला. काय पडलं ते त्याला कोणी विचारलं नाही. पल्लवी पोर उचलून दार उघडून उतरली. हौद्यातून सगळ्यात आधी खाली उतरला तो सगुण घाडी.

मी आत वाकले. निवृत्ती एकेकाला उतरताना बघत होता, आणि त्याचं हसू हळूहळू जात होतं. मी त्याचा हात दांड्यावरून सोडवला. बोटं घट्ट होती, एक एक करून सोडवावी लागली.

“होय,” मी म्हटलं. “पोचलव. आता उतरा.”